पुण्याहून आलेला बाळंतविडा

कोल्हापूर, मंगळवार पेठ
चैत्र वद्य पंचमी, शके १८७५

पोरीला फिरवायची ती चार चाकांची गाडी कुणाच्या सांगण्यावरून घेतलीत? स्टेशनवरून हमालानं ती डोक्यावर उताणी घालून आणली, चाकं आभाळाकडं, आणि मागनं गल्लीतली सगळी पोरं. आमची गल्ली तुम्ही लग्नात बघितलीय. दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. कडेला गटार, वर फरशा, त्याही हलणाऱ्या. इथं ही गाडी ढकलायची कुणी आणि कुठवर? सोप्यात उभी होती, येणारा जाणारा अडखळायचा. आता तिच्यात कांदे भरून ठेवलेत. कांद्यांना बरी पडते, वारा लागतो.

हे आधी लिहिलं, कारण आशीर्वाद लिहून झाले की माझा राग निम्मा होतो. आता रीतीचं लिहिते. चिरंजीव जोतीरामराव यांस विमलच्या आजीचे, म्हणजे चिमणाबाईचे, आशीर्वाद. विमल उठून हिंडते फिरते, दोन्ही वेळा जेवते. पोरगी दूध पिते, झोपते, रडायचं तेवढं रडते. जोतिबाची यात्रा पार पडली. उन्हानं जीव नकोसा झालाय. तुमच्या आईसाहेबांना आणि आबांना नमस्कार सांगा, पण हे पत्र वाचायला देऊ नका. का, ते पुढं कळेल.

अक्षर माझं आहे. एरवी माझी पत्रं सरोज लिहिते, विमलची धाकटी बहीण. मी सांगते, ती लिहिते, आणि मधे मधे स्वतःचंही घुसडते. या खेपेला तिला सांगितलं नाही. मी मुलींच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, मग लग्न झालं. काना-मात्रा चुकली तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या हापिसातल्या साहेबाच्या बाईनं सांगितलं, की अमुक अमुक असल्याबिगर मूल वाढत नाही, म्हणून तुम्ही सगळं दुकान उचलून पाठवलंत. चांगल्या मनानं पाठवलंत, ते मला कळतं. पण साहेबाच्या बाईच्या घरी आया असते, आणि आमच्याकडं मी आहे.

काचेची बाटली आणि रबराचं बोंड. विमलला दूध भरपूर आहे, आणि कधी वरचं लागलंच तर दावणीला म्हशी आहेत, वाटी आहे, चमचा आहे. त्या बोंडात दूध नासलं तर दिसतसुद्धा नाही. बाटली धुऊन फळीवर ठेवली, एरंडेल भरायला होईल. पावडरीचा डबा. वास छान आहे. विमलच्या आईनं, आमच्या अंबूनं, सत्यनारायणाला जाताना स्वतःच्या तोंडाला लावली, तेव्हा ती वाया गेली नाही. रबराची चड्डी एकदा घातली, पोरीच्या मांड्या लाल झाल्या, काढून टाकली. लोकरीचा कोट कोल्हापुरात चैत्रात कुणाला घालायचा, ते साहेबाच्या बाईला विचारून कळवा. खुळखुळा मात्र चांगला निघाला. ठेवला.

आणि लागतं काय? तुमच्या सासऱ्याचं, पिराजीचं, जुनं धोतर लागतं. त्याची झबली मी शिवली, पुढनं बंदाची, म्हणजे लेकराचं मुंडकं ओढून काढावं लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या झबल्यांना मागं बटणं आहेत, तान्हं मूल पाठीवर झोपतं, ती बटणं टोचतात की. माझ्या लुगड्याची दुपटी केली. पाळणा घरात आहे, त्यात पिराजी वाढला, विमल वाढली. कुंची, तेल, वेखंड, ऊन पाणी. एवढ्यावर मी बरीच पोरं उभी केली.

ते लाल बूट राहिले. त्यांचं सावकाश लिहिते.

इथवर लिहून पत्र गादीखाली ठेवलं होतं. हात दुखतो म्हणून थांबले, असं अंबूला सांगितलं. हात दुखत नव्हता. आता परत बसलेय. अंबू दळणाला गेलीय, पिराजी धारा काढायला.

पार्सल आलं त्या दिवशी विमलनं सगळ्यात आधी बूट बाहेर काढले. कुंकवासारखे लाल, कातडं मऊ, तळव्याला अजून माती न लागलेले. ती मांडीवर पोरगी घेऊन कोनाड्याकडं पाठ करून बसली. मी सोप्यातनं बघत होते. एक बूट चढला. दुसरा चढला नाही. तिनं जोर केला नाही, ओढाताण केली नाही. दोन्ही बूट परत कागदात घातले, दोरा बांधला आणि मला म्हणाली, "आजी, हे वर ठेव. मोठे होतात."

बूट मोठे होत नव्हते.

जोतीरामराव, गल्लीत गोवर नव्हता. पिराजीनं तुम्हाला लिहिलं, की पेठेत गोवराची साथ आहे, बारशाला कुणी येऊ नका, तान्ह्याला आणि तुमच्याही घरच्या पोरांना धोका नको. तुम्ही शहाण्यासारखं ऐकलंत आणि माणसांच्या जागी पार्सल पाठवलंत. बाळंतविडा रेल्वेनं आला म्हणून मी गल्लीभर बोलले, पण खरं सांगते, तुम्ही आला नाहीत याचं आमच्या सगळ्या घराला बरं वाटलं.

पोरीचा डावा पाय आत वळलेला आहे. घोट्यापासनं. तळवा दुसऱ्या पायाकडं बघतो. जन्मताच तसा आहे. बाकी पोरगी देखणी आहे, नाक तुमच्या आईवर गेलंय. विमलनं तुम्हाला जे लिहिलं, की बाळ गोरं आहे, हसतं, बोट घट्ट धरतं, त्यातलं काही खोटं नाही. फक्त ते सगळं गुडघ्यापर्यंतचं आहे.

आमची सुईण बायडाबाई म्हणाली, "मी चोळून सरळ करते की. लई पाय सरळ केल्यात मी." रोज तेलानं चोळायची, चिंध्यांनी बांधायची. पोरगी आरडायची, विमल भिंतीकडं तोंड करून बसायची. मीही चोळला. चोळताना माझ्या हाताला कळत होतं, की पाय ऐकत नाही. दाबला की येतो, सोडला की जातो.

पिराजीला म्हटलं, जावयाला कळव. तो म्हणाला, "आई, सरोजचं जमत आलंय. आत्ता तोंड उघडू नगंस." म्हणजे एका बहिणीच्या पोरीचा पाय बघून दुसरीची सोयरीक मोडेल ही भीती. अंबू म्हणाली, "तिकडं गेल्यावर कळंल त्यांना. मग त्यांचं ते बघतील." मी म्हटलं, "तवर हाड काय वाट बघत बसतंय व्हय?" मोठी कुंची शिवली गेली, पायाच्या खाली वीतभर उतरणारी. बारशाला बायका आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या घेऊन गेल्या. पाय कुणाला दिसला नाही. आणि विमल त्या दिवसापासनं कुणी पाळण्याजवळ आलं, की आधी कुंची सारखी करते आणि मग माणसाला बस म्हणते.

सव्वा महिना झाल्यावर बाळंतीण पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडते ती देवीला जायला. त्याला पिराजी नाही म्हणू शकत नव्हता. अंबाबाईला गेलो, ओटी भरली, पोरीला पायावर घातली. विमलनं काय मागितलं ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर टांगेवाल्याला म्हटलं, घरी नको, राजारामपुरीत घे.

विमल म्हणाली, "आजी, कुठं निघालोय?"

"देवीनं सांगितलंय तिकडं. गप बस."

तिथं हाडांचा डॉक्टर आहे. तरणा आहे, पण हात सावकाश चालतो. त्यानं कुंची काढली, पाय धरला, वळवून बघितला, सोडला. मी म्हटलं, "तेल कुठलं लावू ते सांगा."

"आजी, हे तेलानं होत नाही."

"मग कशानं होतं?"

"प्लास्टरनं."

"भिंतीला लावतात ते?"

"तसंच समजा. पाय जरा वळवायचा आणि तसाच प्लास्टरमध्ये बांधायचा. आठवड्यानं काढायचं, आणखी जरा वळवायचा, परत बांधायचा. आत्ता हाडं मऊ आहेत, तोवर करायचं. चार-दोन महिन्यांनी आलात तर चिरावं लागेल, आणि मग मी कसलाच शब्द देणार नाही."

"चालेल का पोरगी?"

"आत्ता सुरू केलं तर चालेल. थोडं कमी-जास्त राहील, पण चालेल." मग त्यानं विचारलं, "वडील कुठं असतात हिचे?"

"पुण्यात," मी म्हटलं. "बूट विकत घेताहेत."

तो हसला नाही. म्हणाला, बांधताना एकानं पोरीचा गुडघा आणि मांडी घट्ट धरायची, पोर जीव तोडून रडतं, पण धरणाऱ्याचा हात सैल पडता कामा नये. पडला तर पाय जिथल्या तिथं जातो. त्यानं नुसता धरून दाखव म्हटलं, तर विमलनं धरला आणि पोरगी ओरडल्याबरोबर सोडला. मी धरला, तर माझे हात आता बशीतला चहासुद्धा सांडतात. पिराजी म्हैस अडली तर खांद्यापर्यंत हात घालतो, पण नातीचा पाय उघडा दिसला, की अंगणात निघून जातो. शिवाय तो म्हणतो, बापाच्या हुकमाबिगर दुसऱ्याच्या लेकराला प्लास्टर घालणार नाही. पळवाट आहे ती, मला कळतं. पण शब्द म्हणून खोटा नाही.

तर साहेबाच्या बाईनं सांगायचं राहिलं ते मी सांगते. तुमच्या पोरीला एक धरणारा माणूस लागतो. दर आठवड्याला, पाय सरळ होईस्तोवर. तुम्ही शनिवारी रात्रीच्या गाडीला बसायचं, सकाळी इथं उतरायचं, डॉक्टर रविवारीही बघतो म्हणालाय, मी विचारून ठेवलंय. पोरीला धरायचं, रडू द्यायचं, आणि संध्याकाळी परत जायचं. दमाल. आम्हीही दमलोय. लेकराचं लपवून ठेवण्यात जेवढा जीव जातो, तेवढा वाढवण्यात जात नाही, हे मला या वयात कळलं.

आणि तोवर विमलला न्यायला कुणी यायचं नाही. पोरीच्या तिसऱ्या महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नाला सून पाहिजे, असं विहीणबाईंनी कळवलंय. लग्न तिच्यावाचून होईल.

विहीणबाई विचारतील, ग्रहणात विमलनं काय चिरलं? श्रावणातल्या ग्रहणाला विमल तुमच्याच घरी होती आणि त्यांच्याच नजरेखाली बसून होती. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे तो प्रश्न निकालात निघाला.

तुम्हाला हे झेपणार नसेल तर तसं लिहा. मला राग येईल, पण नवल वाटणार नाही. माणसं चांगली असतात आणि तरी त्यांच्यानं होत नाही, असं मी पुष्कळ बघितलंय. मग विमल इथं राहील, पोरगी राहील, आणि गुडघा धरायला मी गल्लीतला कुणी घट्ट हाताचा माणूस बघेन, पिराजी काही म्हणो. पण "बघतो", "घरी विचारून कळवतो" असलं लिहू नका. त्या शब्दांत महिना जातो.

विमलला हे पत्र माहीत नाही. कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. नाही बोलली तरी चालेल, मी आता थोडंच ऐकते.

तुमच्या पोरीचं नाव तुम्ही पुण्याहून कळवलंत ते ठेवलंय. नंदिनी म्हणून हाक मारली, की मान वळवते.

उत्तर माझ्या नावावर टाका आणि ते तुम्ही, बापानं, स्वतःच्या हातानं लिहा. आईसाहेबांना विचारून नाही, आबांना पुढं करून नाही. दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं पाकीट आलं, तर मी ते फोडणार नाही, टपालवाल्याला तसंच परत देईन.

चिमणाबाई
नंदिनीची पणजी