रांगेत शेवटची

प्रिय विहीणबाई,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पोर कशी आहे, आणि मी म्हणाले, मजेत आहे, आत्ताच झोपली. ते खोटं होतं. ती झोपली नव्हती आणि मी घरीही नव्हते. मोठ्या दवाखान्याच्या जिन्याखाली उभी राहून मी तुमच्याशी बोलत होते आणि तुमची लेक वरच्या मजल्यावर चौथ्या खाटेवर होती, हाताला रक्ताची नळी लावलेली. आधी एवढं सांगते की ती बोलते आहे, उठून बसते आहे, पोटातलं बाळ हलतं आहे. आता श्वास घ्या आणि पुढचं बसून वाचा. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ आपोआप गोड होते, म्हणून कागद घेतला.

तिच्या अंगात रक्त फार कमी आहे. साडेसात महिने झाले तरी बाळाची वाढ हवी तशी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपण कधीही सुरू होऊ शकतं, आणि त्यात रक्त गेलं तर सोसायला हिच्याजवळ शिल्लक काही नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. बावीस वर्षं मी हेच वाक्य गावातल्या सासवांना सांगत आले, तेही असंच शांतपणे, वर चार खडे बोल सुनावून. ते स्वतः ऐकायची वेळ आली तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला भीती वाटते आहे, विहीणबाई. दवाखान्याची वाटत नाही, तुमची वाटते, आणि तुमच्याहून जास्त त्या पुढच्या चार-सहा आठवड्यांची.

सोयरीक ठरताना तुम्ही आमचं घर पाहिलं नाहीत, जमीन विचारली नाहीत. तुमची थोरली बाळंतपणात गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही म्हणालात, मी ही पोर तुमच्या मुलाला देत नाही, काटेवालीला देते आहे. गाव मला काटेवाली म्हणतं, अंगणवाडी केंद्रावर गरोदर बायकांची वजनं करते म्हणून. त्या दिवशी माझी छाती केवढी फुगली होती! बाळंतपणालाही तिला तुमच्याकडे पाठवणार नाही असं मीच ऐटीत सांगितलं. तिकडे तुमच्याकडे काय आहे, इथे केंद्र आहे, गोळ्या आहेत, आणि सासू शिकलेली आहे. तुम्ही मान डोलावलीत.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. सतरंजी, काटा, खाऊची लोखंडी पेटी, भिंतीवर तक्ते. माझ्या आधी जी बाई होती तिच्या म्हशीला पोषणाची पावडर जाते, असं गाव म्हणायचं. खरं-खोटं देव जाणे, पण त्या म्हशीवरून तिची नोकरी गेली. मी पहिल्या दिवशीच ठरवलं की माझ्या घरात एक शेंगदाणासुद्धा जाणार नाही. पाकिटं घरी नेली की नवरा, दीर, पोरं सगळे वाटून खातात आणि बाईच्या वाट्याला पिशवी उरते, म्हणून नियमच केला: अंडं, केळं, दूध, जे काय असेल ते माझ्यासमोर बसून खायचं. बायका कुरकुरल्या, पण खाऊ लागल्या. वजनं वाढली. मोठ्या नर्सबाईंनी माझं उदाहरण दुसऱ्या केंद्रांना दिलं.

मग सुनेला दिवस गेले. मला आनंद झाला तसा धसकाही बसला. यादीत तिचं नाव मी सगळ्यांच्या खाली घातलं, कारण आता बायका बघणार, काटेवाली सुनेला काय वाढते ते. मी तिला सांगितलं, तू रांगेत शेवटची बस. ती बसली. तुमची लेक कधी उलट बोलली आहे का? यादीत बावीस बायका आणि अंडी यायची वीस, कधी अठरा. शेवटच्या बाईपर्यंत काय पोचत असेल हे मला कळायला नको होतं का? एकदा केळं उरलं, ते तिने वीटभट्टीवरच्या एका बाईला दिलं, तिसरं बाळंतपण होतं तिचं. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, बघा, याला म्हणतात संस्कार. ती लाजली. त्यानंतर तिने तिथे कधीच काही घेतलं नाही, आणि मी ते तिचं मोठेपण समजत राहिले.

घरी विचारलं तर म्हणायची, केंद्रावर खाल्लं. केंद्रावर विचारलं तर म्हणायची, घरी जेवते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं, आणि दोन्ही घरची यजमानीण मीच होते. खरं तर ती दुपारी पाण्यावर असायची आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. सगळ्यांच्या आधी खायचं तर मी काय म्हणेन, असं तिला वाटायचं. मी काय म्हटलं असतं, मला आता खरंच माहीत नाही.

आता जे लिहायला हात जड होतो ते. तिसऱ्या महिन्यात मी तिचं वजन एकदा केलं, पंचेचाळीस किलो. पुढे रांग संपेपर्यंत ऊन चढायचं, मी दमलेली असायचे, म्हणायचे, तुला काय, तू रोज डोळ्यांसमोर आहेस. आणि कार्डावर अंदाजाने आकडा लिहायचे. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. पोट वाढत होतं, तेवढंच मी पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या सासूने हे केलं असतं तर मी तिची सालटी काढली असती.

गेल्या सोमवारी नर्सबाई तपासणीला आल्या आणि म्हणाल्या, आज मी स्वतः सगळ्यांची वजनं करते. कार्डावर बावन्न, काट्यावर चव्वेचाळीस. त्यांना वाटलं काटा बिघडला. स्वतः चढून पाहिलं, काटा बरोबर होता. मग त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून कागदासारखी पांढरी होती, आणि माझ्याकडे वळून बघितलं. खोलीत एकवीस बायका होत्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी तिला इथे दवाखान्यात आणलं, आणि आल्याआल्या मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं की कार्डावरचे आकडे माझ्या मनातले आहेत. बहुतेक नोकरी जाईल. जाऊ दे. मुलाला कळवलं आहे, तो ट्रक घेऊन लांब गेला आहे, तीन दिवसांत पोचेल. तुम्हाला कळवू नका असं तिने मला बजावलं होतं. म्हणाली, आईला थोरलीची वेळ आठवेल, ती खचेल. मी कबूल झाले, कारण ते मला सोयीचं होतं. तेही लिहून ठेवते.

पण हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला मी तुमच्या दारात येईन, तेव्हा दार लावून घ्या हवं तर. पत्र याच्यासाठी की ती जेवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्ताची बाटली एकदा झाली, आता अन्न पोटात गेलं पाहिजे, दर दोन तासांनी. मी ताटली घेऊन बसते. ती घास हातात धरते आणि विचारते, तुमचं झालं का? शेजारच्या खाटेवरच्या बाईचं झालं का? मी शप्पथ घेऊन सांगते, सगळ्यांचं झालं, आणि तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, परवानगी मिळते का ते. दोन घासांनंतर ताटली बाजूला सारते. मी रडले, रागावले, हात जोडले. माझ्यासमोर तिच्या घशाखाली अन्न उतरत नाही, विहीणबाई. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, संध्याकाळी तीच बस इकडे परत येते, तिच्यात बसा. मला बोलायचं ते सगळं नंतर बोला, मी ऐकून घेईन. तुम्ही आलात की मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसेन, बोलावल्याशिवाय आत येणार नाही. तुम्ही तेवढं तिला जेवायला घाला.

अजून म्हणू देत असाल तर, तुमचीच,
काटेवाली