ड्रायव्हर मीच लिहिणार होतो

३ ऑक्टोबर १९९८, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं सुरू होतात तेव्हा कोणी लिहून ठेवत नाही, आणि नंतर जो तो सांगत सुटतो की मी तिथे होतो. म्हणून मी लिहितोय.
आज सकाळी सांता क्लारात, आमच्या डायनिंग टेबलावर, लिनक्स मंडळाची स्थापना. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. अध्यक्ष मी. सदस्य दोन. एक संग्राम, पुण्याचा, माझ्याच ऑफिसातला. नवीन चिप आली की तिच्यावर चाळीस मिनिटं बोलतो, विकत कधी घेत नाही. दुसरे अरुणकाका. एकाहत्तर साली इथे आले, आता रिटायर्ड. त्यांच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं आहे.
शोभनाने पोहे केले. ती सदस्य नाही.
चर्चा उच्च दर्जाची. विंडोजवाल्यांवर खटला उभा राहतोय, मोठमोठ्या डेटाबेस कंपन्या लिनक्सकडे वळताहेत. मी म्हणालो, दोन वर्षांत घरोघरी लिनक्स. संग्राम म्हणाला, लिहून ठेव. ठेवलं.

४ ऑक्टोबर, रविवार
सेलमध्ये प्रिंटर घेतला. हा फक्त विंडोजचं ऐकतो. लिनक्सचं ऐकायला मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या प्रिंटरचा ड्रायव्हर जगात कोणीही लिहिलेला नाही. मी लिहिणार. सोर्स कोडसकट जगाला फुकट देणार. दिवाळीपर्यंत.
शोभनाने विचारलं, दिवाळी एकोणीस तारखेला आहे, माहीत आहे ना? माहीत आहे म्हणालो. (नव्हतं.)

१० ऑक्टोबर, शनिवार
प्रोजेक्टला नाव हवं. मी ‘संत्रा’ सुचवलं, नागपूरचा म्हणून. संग्रामचा विरोध, पुण्याचा म्हणून. तीन तास गेले. लोगोचा पहिला आराखडा तयार: संत्र्यावर बसलेला पेंग्विन, म्हणजे लिनक्सचं बोधचिन्ह.
शोभना मध्येच अरुणकाकांना विचारत होती, प्रिंटरकडे नेमकं काय जातं, अक्षरं की ठिपके? काकांनी अर्धा तास समजावलं. रिटायर्ड माणसांकडे वेळ असतो.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
ड्रायव्हर झाला नाही. लोगो झाला. पाया महत्त्वाचा.

२ नोव्हेंबर, सोमवार
शोभनाच्या कॉलेजचं पत्र आलं. ती नागपूरला गणित शिकवायची, दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन आली. ३१ मार्चला रजा संपते. रुजू व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. इथे तिचा व्हिसा डिपेन्डन्टचा, नोकरी करता येत नाही. पत्र तिने फ्रिजवर लावलं. जाता-येता वाचत होती.
होमसिक असणार. तिला विणकामाचा सेट आणून दिला. खूश झाली असावी. थँक्यू म्हणाली, आणि कपाटात ठेवला, सर्वात वरच्या फळीवर.

१४ नोव्हेंबर, शनिवार
प्रोजेक्टचा जाहीरनामा लिहिला. अकरा पानं. लिनक्सच्या प्रिंटरवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला, सोबत लोगो. आता जगभरातले लोक वाचतील.
कोडला उद्यापासून सुरुवात.

१५ नोव्हेंबर
सर्दी.

५ डिसेंबर, शनिवार
लिस्टवर माझ्या जाहीरनाम्याला एकच उत्तर आलं, फिनलंडहून. कोड कुठे आहे? तीन शब्द. या लोकांना भूमिका, तत्त्व वगैरे काही नाही. मी चार पानी उत्तर दिलं.
संग्राम आला नाही. त्याच्या मते या मशीनवर ड्रायव्हर लिहिणं शक्यच नाही, आधी प्रोसेसर बदल. फेब्रुवारीत नवीन पेन्टियम येतोय म्हणे, तोवर थांबू. मला हे तांत्रिकदृष्ट्या पटलं.
शोभना हल्ली दर मंगळवारी अरुणकाकांकडे जाते. काकूंकडे भजन असावं. चांगलं आहे, मन रमतं.

९ जानेवारी १९९९, शनिवार
आज ईमेल उघडली (अकाउंट आमचं दोघांचं एकच आहे) तर लिस्टवरचं पत्र. ‘प्रिय एस. पांढरीपांडे, तुमचा पॅच स्वीकारला आहे. उत्तम काम.’
अखेर. आडनाव बरोबर, फक्त गुरुनाथच्या जी.च्या जागी एस. टाइप झालंय, असं होतं. पॅच म्हणजे सुधारणेचा तुकडा. मी लोगोत पेंग्विनची चोच बदलून पाठवली होती, तीच असणार. संग्रामला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, चोचीला पॅच म्हणत नाहीत. जळतो.
शोभनालाही सांगितलं. ती काही बोलणार होती, पण तेवढ्यात मी माझं पत्र तिला दुसऱ्यांदा वाचून दाखवायला घेतलं.

१६ जानेवारी
पुन्हा एस. पांढरीपांडे. या वेळी ओरेगनच्या कोणा प्राध्यापिकेचं पत्र, तुमचं शिक्षण काय झालंय म्हणून. चुकीची दुरुस्ती करून पाठवायला हवी. पण मोठी माणसं असल्या क्षुल्लक गोष्टी मनावर घेत नाहीत.

१३ फेब्रुवारी, शनिवार
शोभना दिवसभर बाहेर होती, लायब्ररीत कसलीशी परीक्षा आहे म्हणाली. ड्रायव्हिंगची असणार. लायब्ररीत होती म्हणजे लेखी भाग. तिचं कौतुक करायला हवं.
मी ड्रायव्हरची फाइल उघडली. सुरुवातीला माझं नाव, तारीख, हक्काचं निवेदन. खाली काही नाही. इतकी स्वच्छ फाइल मी आजवर पाहिली नव्हती.

६ मार्च, शनिवार
सविस्तर लिहितो.
अरुणकाकांनी सगळ्यांना गराजमध्ये बोलावलं. मला वाटलं, मंडळाची वार्षिक सभा, म्हणून भाषण घेऊन गेलो. तिथे माझ्या प्रिंटरसारखाच एक प्रिंटर, लिनक्सच्या मशीनला जोडलेला. शोभनाने कीबोर्डवर दोन ओळी टाइप केल्या. प्रिंटर कुरकुरला आणि पान बाहेर आलं. स्वच्छ. संग्रामने पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.
मी विचारलं, हा ड्रायव्हर आला कुठून?
अरुणकाका म्हणाले, “शोभनाने लिहिलाय. ऑक्टोबरपासून, दर मंगळवारी इथे बसून. मी फक्त चहा केला.”
म्हणजे भजन नव्हतं.
मी सगळ्यांना शांतपणे समजावलं की प्रोजेक्ट लीडचं काम वातावरण निर्माण करणं असतं, आणि ते मी केलं. काकू म्हणाल्या, हो ना, आणि मला लाडू दिला. भाषण खिशातच राहिलं.
घरी निघालो. सिग्नलला मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं. तेव्हा तू उत्तरात पेंग्विन दाखवलास.
आठवत नाही. पेंग्विन आठवतो.

७ मार्च, रविवार
झोप नीट झाली नाही. फ्रिजवरचं पत्र अजून आहे. चोवीस दिवस उरलेत. पहिल्यांदाच मोजले.
सकाळी चहा मी केला आणि विचारलं, नागपूरला परत जायचंय का तुला?
तिने कप फिरवला. मग म्हणाली, “मला नागपूरला जायचंय असं नाही. मला नुसतं बसायचं नाहीये. या कामाला पगार नाही, म्हणून व्हिसा आड येत नाही. चार महिन्यांत मला कोणी अमक्याची बायको म्हणून ओळखलं नाही, बघ.”
मी म्हणणार होतो की आडनाव तर माझंच आहे. नाही म्हणालो. याची नोंद व्हावी.
तेरा फेब्रुवारीची परीक्षा ड्रायव्हिंगची नव्हती. ओरेगनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेशाची होती. अर्ज गेलाय.

३० मार्च, मंगळवार
तिने राजीनाम्याचं पत्र टाइप केलं, आमच्या प्रिंटरवर छापलं, सही केली. नऊ वर्षांची नोकरी. पत्रपेटीपर्यंत मी बरोबर गेलो. पेटीपाशी ती पाकीट धरून उभीच राहिली. मला चांगलं काही सुचेना, म्हणून टाक म्हणालो. तिने टाकलं.

२४ एप्रिल
प्रवेश मिळाला. सोबत असिस्टंटशिप, म्हणजे पगारही. ओरेगन. दहा तासांची ड्राइव्ह. मी अभिनंदन केलं. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

२२ ऑगस्ट, रविवार
तिला सोडून आलो. प्राध्यापिकेने तिचा हात हातात घेऊन मिनिटभर सोडलाच नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हीही कॉम्प्युटरमध्ये आहात का?
मी अध्यक्ष आहे म्हणणार होतो. म्हणालो, सामान आणलंय.
परतीला दहा तास. कॅसेट लावायचं लक्षात आलं नाही.

४ सप्टेंबर, शनिवार
मंडळाची बैठक. सदस्य: मी. संग्राम नवीन पेन्टियम बघायला गेला होता, बघून परत आला असेल.
ओरेगनला पत्र पाठवायचं म्हणून छापायला घेतलं. ईमेलही चालली असती, पण दोन पानं झाली होती आणि काही गोष्टी कागदावर बऱ्या वाटतात. प्रिंटर ढिम्म. दोन तास प्रयत्न केले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही पुन्हा बांधला. ड्रायव्हरमध्ये गंभीर दोष असल्याची माझी खात्री झाली. लिस्टवर पूर्ण नावाने, पदासह, सविस्तर तक्रार पाठवली.
अकरा मिनिटांत उत्तर आलं, सगळ्या लिस्टला. ‘प्रिय गुरुनाथ, कृपया README वाचावी. एस. पांढरीपांडे, मेंटेनर.’ README म्हणजे सोबतचं माहितीपत्रक, मेंटेनर म्हणजे ड्रायव्हर सांभाळणारी. फिनलंडवाल्याने खाली हसरा चेहरा टाकला.
पाठोपाठ दुसरं, फक्त मला. त्यात एकच ओळ, प्रिंटरखाली बघ.
प्रिंटर उचलला. खाली घडी केलेला कागद, तिच्या अक्षरात, चौदा कलमं, मराठीत. पहिलं कलम: आधी मागचा स्विच चालू कर.
केला.