टाकीतलं पाणी रेषेपर्यंत

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर ओरडून माझाच घसा बसतो, म्हणून हे पत्र. गाडी तापते आहे. घरून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटं सगळं सुरळीत, मग काटा वर सरकायला लागतो आणि तांबड्याला टेकतो. मी खिडक्या उघडून, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर लावून, रडकुंडीला येऊन कसंबसं हॉस्पिटल गाठते.

यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर, आणि सकाळी सातची पाळी चुकली तर त्या दिवशी दुसरी मिळत नाही. एक खेप चुकली की पाय सुजतात, धाप लागते. दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय, मी इथे लिहीत नाही.

इथला मेकॅनिक म्हणतो, गाडी चार दिवस ठेवून जा. चार दिवस मी यांना पाठुंगळी मारून नेऊ का? तू तीस वर्षं गॅरेज चालवलंस. लांबून सांग, मी करते. बॉनेट उघडता येतं मला, हसू नकोस.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहेच, तेवढी जरा लवकर टपालात टाक.

तुझी,
चिमी


दि. ८ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

मी हसलो नाही, तुझी वहिनी हसली. हे पत्रही तीच लिहिते आहे, मी नुसतं सांगतो आहे, तेव्हा शुद्धलेखन सुधारलेलं दिसेल. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना वाकायचं नाही, प्रवास करायचा नाही. नाहीतर पाने घेऊन कधीच निघालो असतो.

आता नीट वाच. रोज सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी बघ. ते रेषेपर्यंत आहे का, वहीत लिही. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, माझं भाजलेलं मनगट आठव. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथर आणि सकाळी तो ओला झालाय का बघ. काटा चढला की पंखा फिरतो का तेही बघ.

पुठ्ठा कोरडा आणि टाकी भरलेली असेल, तर पाणी कुठे गळत नाही, आत फिरतच नाही. मग पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकलाय. तो बदलायला मेकॅनिकला तासभरसुद्धा लागत नाही, समोर उभी राहून करून घे. गिऱ्हाईक थापा मारतं, टाकी मारत नाही, म्हणून टाकीवर भरवसा ठेव.

तुझ्या मास्तरांची तब्येत कळव, आणि स्वतःचीही. तुझं सगळं चांगलं व्हावं एवढीच इच्छा.

तुझा,
दादा


दि. २५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पुठ्ठा दहा दिवस कोरडा. पंखा फिरतो. टाकी रोज रेषेपर्यंत, वहीत दहा ओळी एकसारख्या आहेत. म्हणून थर्मोस्टॅट बदलून घेतला, आणि त्या दिवशी मी इतक्या दिवसांनी जरा निवांत जेवले.

शनिवारी गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली. मागून पांढरा धूर, पुढून वाफ. एका ट्रकवाल्याने ढकलून कडेला लावली, दुसऱ्याने आम्हाला पोचवलं, तोवर अकरा वाजले होते. पाळी गेली. सोमवारी मधेच कसंतरी घुसवलं. ते दोन दिवस हे उशीला टेकून, बसूनच झोपले. रस्त्याच्या कडेला हे सारखे 'मला माफ कर' म्हणत होते. शेवटी मी खेकसले, की गाडी तापली त्यात तुमचं काय?

मेकॅनिकने दोरी बांधून गाडी घरी आणून दिली. पाणी भरलं की सुरू होते, पण भीती वाटते. दादा, मला काही सुचत नाही. आता काय बघू ते सांग.

तुझा आधार असाच राहो.

तुझी,
चिमी


दि. २६ मार्च

रा. रा. दादा यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तिच्या नकळत टाकतो आहे. जन्मभर वर्गात कॉपी पकडली, आता स्वतःची कबूल करतो. टाकीत पाणी मी भरत होतो.

ती पहाटे उठायच्या आधी मी खाली जातो. जिना उतरायला मला आता दहा मिनिटं लागतात. दोन महिन्यांपूर्वी अर्धी बाटली पाणी लागायचं, गेल्या आठवड्यात दोन बाटल्या लागल्या. घरात मी कपबशी उचलली तरी ती हातातून काढून घेते. एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं.

मग तिची वही सुरू झाली. टाकीत डोकावून 'रेषेपर्यंत' असं लिहिताना तिचा चेहरा उजळायचा. दिवसभरात तेवढाच. मला तो उजेड घालवायचा नव्हता. मला वाटायचं, टाकी भरलेली असली म्हणजे गाडी चालेल. मला भूमिती येते, गाडी येत नाही.

शनिवारी ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. तेव्हाही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. तुम्ही तिला सांगा, किंवा मी काय करू ते मला सांगा.

राग आला तरी आपलेपणा कमी करू नये, ही विनंती.

आपला,
मास्तर


दि. ३१ मार्च

रा. रा. मास्तर यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या हिने माझ्या कानाशी मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

पुठ्ठा कोरडा आणि रोज दोन बाटल्या पाणी गायब, म्हणजे पाणी इंजिनात जातंय. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये पाणी अडवणारं एक गॅस्केट असतं, ते फुटलंय. तेल भरायचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ दिसेल. दोन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. आता वरचा भाग वाकला असेल किंवा तडकला असेल.

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. टाकीवर भरवसा ठेवायला मीच सांगितलं. टाकीला आणखी कुणाचा हात लागतो का, हे विचारलं नाही. गॅरेजात माझा पहिला प्रश्न तोच असायचा. बहिणीच्या घरात तो विचारावासा वाटला नाही.

तिला तुम्हीच सांगा. आणि त्या गाडीतून हॉस्पिटलला जाऊ नका. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही एकदा-दोनदा जाऊन आला असाल, आणि मी इथे डोळ्याला पट्टी बांधून बसलोय. जीव टांगणीला लागलाय.

आपलेपणा आहे तेवढाच आहे.

आपला,
दादा


दि. १४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि खाली मान घालून उभे राहिले. मी खूप बोलले, नको ते बोलले. मग दोघांनी खाली जाऊन तेलाचं झाकण उघडलं. दुधाळच होतं. मेकॅनिक म्हणाला, तडा मोठा आहे, आता यात जीव नाही. गाडी भंगारवाला घेऊन गेला.

हॉस्पिटलची व्हॅन मिळाली आहे. पाच पेशंट, पाच जागा, सोबतच्या माणसाला जागा नाही. पहाटे साडेपाचला येते. ड्रायव्हर उतरत नाही, नुसता हॉर्न देतो. मी यांना दारापर्यंत नेऊन बसवते, पट्टा लावते. तेव्हापासून एकही पाळी चुकलेली नाही. सुटले असं मी म्हणायला हवं.

पण व्हॅन वळली की मी रस्त्यावरच उभी राहते. दुपारी दीडपर्यंत माझ्या हाताला काही काम नसतं. परवा डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणखी काय करता येईल. म्हणाले, आता असंच चालू ठेवायचं, जितके दिवस चालेल तितके. तेव्हा कळलं, मी महिनाभर त्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून का बसले होते. गाडीचा तरी बिघाड सापडेल असं वाटत होतं.

डोळे जप. वहिनीला माझा नमस्कार सांग. माझ्यावरचा जीव असाच राहू दे, आणि उलटटपाली मला काहीतरी तपासायला सांग. काहीही चालेल.

तुझी,
चिमी