डेटाबेस आता गप्प आहे

५ मे, सकाळ
नाश्त्याला पुन्हा डेटाबेसच्या सूचना. बॅकअप सुरू झाला. बॅकअप संपला. घरातलं दूध संपलं तर मला कोणी कळवत नाही, हे मात्र कळवतात. शिसारी आली. बायको, मार्लीन, म्हणाली, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत तळ्याकाठच्या केबिनवर फोन वाजला तर तो तळ्यात जाईल, आणि मागोमाग तू.
संकल्प: सुट्टीआधी सूचना बंद. पण रीतसर. बॅकअपच्या बंद, डिस्क भरत आल्याची चालू. विनिपेगच्या ग्रंथालयांची सगळी देवघेव या डेटाबेसवर चालते. जबाबदारी आहे.

८ मे
सेटिंग उघडलं. किळसवाणी भाषा. बंद केलं.

११ मे, दुपारी
मेलच्या तळाशीच 'अनसबस्क्राइब' होतं. दाबलं. झालं.
हे बरोबर केलं का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. बरोबर केलं. डिस्कची सूचना शेजारच्या टेबलावरच्या ओरेस्टला जातेच.

१४ मे
शांतता. ओरेस्ट म्हणाला, अरे बाबा, डेटाबेस एवढा शहाणा कसा झाला, काय केलंस? म्हणालो, थोडं ट्यूनिंग. खोटं नाही. मनात बरेचदा केलंय.

१७ मे, केबिन
इथे रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला येते. मुद्दाम जाऊन उभा राहिलो. फोन गप्प. मार्लीन पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, परतत म्हणाली, चक्क माणसात आलास की. ट्यूनिंगचा खरंच परिणाम झाला असावा.

२० मे
डिस्क सुट्टीतच भरली. लोकांनी पुस्तकं परत केली, नोंद एकाचीही नाही. सूचना कुणालाच गेली नव्हती. मेल टीमच्या सामायिक पत्त्यावर यायचा आणि तिथून प्रत्येकाला. मी 'अनसबस्क्राइब' दाबून तो पत्ताच यादीतून काढून टाकला होता. आमच्या साहेबीण फ्रीसनबाईंनी शांतपणे विचारलं, ट्यूनिंग म्हणतात ते हेच का? ओरेस्ट छताकडे बघत होता. मित्र म्हणे.
स्वतःची किळस आली. बटण इतकं सोपं ठेवणाऱ्याची जास्त.

२८ जून, केबिन
फ्रीसनबाईंची नवी व्यवस्था: सगळ्या सूचना थेट माझ्या फोनवर. शिवाय एक नवी, कोणी अनसबस्क्राइब केलं तर. तीही मलाच.
सकाळपासून धक्क्याच्या टोकाला उभा आहे. मार्लीनला म्हणालो, टाक फोन तळ्यात. ती म्हणाली, नको, त्याचीही सूचना येईल. मग एक खुर्ची आणून ठेवली, एकच, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.
बॅकअप सुरू झाला.