धारेचे यंत्र समुद्रात जाणार नाही

मी, विश्राम सखाराम मेस्त, वय वर्षे अडुसष्ट, धंदा होडीबांधणी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार देवबाग, तालुका मालवण, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढील मजकूर स्वहस्ते लिहीत आहे.

चिरंजीव गोविंद यास विश्रामदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे आता ‘कैलासवासी’ लिहावे, असे भावकीचे म्हणणे आहे. धाकट्या भावाला मी जन्मभर चिरंजीव लिहीत आलो. ते मी आज बदलणार नाही. ज्याला खटकेल त्याने वाचू नये!

पत्र आजच का, असे तू विचारशील. आज खंडेनवमी आहे. तासण्या, पटाश्या, रंधे, करवती, सर्व आयुधे हळदकुंकू लावून पाटावर बसली आहेत. आज त्यांना हात लावावयाचा नाही, म्हणून माझा हात रिकामा आहे. आणि त्या पाटावर, बरोबर मध्यभागी, झेंडूची माळ घालून तुझे धारेचे यंत्र बसले आहे. ते तेथे कसे बसले, हे तुला दुसऱ्या कोणी सांगितलेले मला चालणार नाही.

मांगरातला, आपण होड्या बांधतो त्या खोपटातला, तो हाताने फिरवायचा धारेचा दगड तुला आठवतो का? मी पाते धरीत असे आणि तू दांडा फिरवीत असस. “दादा, खांदो निखाळलो रे!” असे तू ओरडलास की मी म्हणे, “निखाळांदे, तासणेक धार नाय इली अजून.” त्या दांड्याला कंटाळूनच तू जहाजावर गेलास. मला ते तेव्हाही ठाऊक होते. पण जाताना एक शब्द सांगून गेला असतास, तर तुझे काय बिघडले असते?

आणि मग शेवटच्या सुट्टीत तू ते यंत्र घेऊन आलास. दोन्ही अंगांना दोन दगड, मध्ये विजेची मोटर. “दादा, ह्येका फिरवणारो नको,” असे म्हणून तू असा हसलास, की जणू जन्माची फेड केलीस! आपल्या वाडीत तेव्हा विजेचा खांबसुद्धा नव्हता. मी म्हटले, “गोविंदा, वीज खंय आसा?” तू म्हणालास, “येतली. तवसर ह्येका तेल लावन ठेव.”

मी तेल लावून ठेवले. वीज आली. तू मात्र आला नाहीस.

परमुलखातून निघालेल्या जहाजावर तुला ताप भरला आणि तुझा देह तेथल्या तेथे समुद्राला दिला गेला. आम्हाला नुसती बातमी आली. तुझ्या अंगावर मूठभर मातीही मला घालता आली नाही, गोविंदा.

आता यंत्राचे ऐक. यंदा मांगरात दिवा लागला, तसे मी ते बाहेर काढले. वायरमन पाहून म्हणाला, “मेस्तांनू, ह्या यंत्राक एकशे दहाचो दाब लागता. आपलो दोनशे तीस. लावलास तर जळान जायत.” हे तू मला आधीच सांगून ठेवले होतेस. ओटीवर बसून मोटरचे झाकण उघडून तू म्हणाला होतास, “दादा, आत दोन कॉईली आसत. दोन वल्हेकरी समज. तिकडे ते बाजूक बाजू लावन बसतत. हंय दाब दुप्पट, म्हणान एकाच्या मागसून एक बसवचे. दोघांनी भार वाटून घेतलो काय जळाचे नाय.”

मी तसेच केले. जुने जोड सोडले, तारांची टोके खरवडून घेतली, एका कॉईलचे शेपूट दुसरीला जोडले. भावकी पाहावयास जमली होती. मी बटण दाबले. यंत्राने घुं असा आवाज केला, सर्वांगाने थरथरले, आणि तसूभरही फिरले नाही. मी तत्काळ बटण बंद केले.

भावकीत वडील म्हणून आपा. ते गंभीर होऊन म्हणाले, “बघलंस? गोविंद धरून बसलो आसा तेका. मेलल्याचा लोखंड घरात ठेव नको, विश्राम. खाडीच्या तोंडार नेऊन सोडून दी.”

मी म्हटले, “आपा, माझो भाव मेलो. यंत्र मेला नाय.”

तरी ते देवळात गेलेच. गुरवाने देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला कौलाच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले, सर्वांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. यंत्र मेस्तांनी घरात ठेवावे काय, हा प्रश्न. डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. आपांनी तेथेच निकाल दिला: नवमीला मृताचे आयुध इतर आयुधांबरोबर बसता कामा नये. त्याआधी त्याचे विसर्जन व्हावे.

आपा घरी येऊन हे मला सांगत होते, तेव्हा तुझी बायको रखमा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती कधी माझ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बाहेर आली आणि म्हणाली, “दादानू, जिते आसताना ते घरात र्‍हवले नाय. आता मेल्यार र्‍हवतत तर र्‍हवांदेत!”

काय बोलली पाहा! मला हसू आले आणि मग मी मांगरात जाऊन यंत्रावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी स्वतः देवळात गेलो. गुरव म्हणाला, “परत त्याच कामाक इलास? देव कोपात.” मी म्हटले, “काम तांच. प्रश्न वेगळो.” मी गाऱ्हाणे घालावयास लावले: माझा भाऊ गोविंद या यंत्राच्या आड येतो आहे काय? होय म्हणत असशील तर उजवी दे, नाही म्हणत असशील तर डावी दे.

गोविंदा, त्या वेळी मला पाकळ्यांकडे पाहवत नव्हते, हे फक्त तुला सांगतो. उजवी पडली असती, तर मी काय केले असते? माझ्या हातांनी तुला दुसऱ्यांदा समुद्रात सोडले असते?

डावी पडली!

देवाने सांगितले, तुझा भाऊ आड येत नाही. मग कोण आड येत होते? मांगराची वाट चालता चालता मी विचार केला. तू नाहीस, तर माझी जोडणीच. दोन वल्हेकरी एकामागून एक बसवले, हे ठीक. पण त्यांची तोंडे कोणीकडे? एकाचे नाळीकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आणि दुसऱ्याचे मागच्या टोकाकडे बसवले, तर होडी थरथरेल आणि जागची हलणार नाही! हे तू मला का सांगितले नाहीस? दादा होडीवाला आहे, त्याला समजेल, असे वाटले होय तुला? तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही.

मी झाकण उघडले. एका कॉईलची दोन टोके अदलाबदल करून जोडली, झाकण लावले, बटण दाबले.

गोविंदा, फिरले! दोन्ही दगड असे फिरू लागले, की त्यांचा खडबडीतपणा डोळ्यांना दिसेना. मी तासणी लावली. ठिणग्या उडाल्या. दांड्यावर कोणी नव्हते. मी सवयीने मान वळवून पाहिले, तेथे कोणी नव्हते.

पहिला कौल मी मोडला आहे. होय, मोडला आहे, आणि त्याचा जाब देवाला मी उभ्याने देईन. आपा मला म्हणाले, “दर्याक जा देवचा ता दिऊकच होया.” मी सर्वांसमक्ष उत्तर दिले की दर्याला मी जन्मभर होड्या दिल्या आणि माझा भाऊ दिला. त्याचे माझ्याकडे काहीही राहिलेले नाही. हे यंत्र त्याला मिळणार नाही!

आता वचन देतो. मी जिवंत आहे तोवर दर नवमीला तुझे यंत्र आयुधांच्या मध्यभागी बसेल. या मांगरातून जी होडी पाण्यात उतरेल, तिच्या प्रत्येक फळीवर याच दगडाची धार चाललेली असेल. आणि जुन्या दगडाचा दांडा मी काढलेला नाही, काढणारही नाही. ती जागा तुझी आहे.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे.

तुझा वडील बंधू,
विश्राम सखाराम मेस्त

समक्ष हजर:

रखमा, गोविंद मेस्त याची पत्नी. माळ तिने ओवली.

देवळाचा गुरव. आज कोणी न बोलावता नारळ घेऊन आला.

आपा, भावकीतील वडील. उंबऱ्याच्या बाहेर उभे, आत येणार नाही म्हणाले. पाठीमागे लपवलेल्या हातात बोथट कोयता होता. त्यांना सांगितले आहे की आज आयुधे बसलेली आहेत, दसरा झाल्यावर यावे.