आठव्या दिवशी द्यायचे करडू

मी, सिंधू बन्सी चक्रनारायण, वय ४४, धर्म ख्रिस्ती, धंदा शिक्षिका, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराविषयी तसे लिहिता येत नाही. मंगळवारी पुण्याला पोटाचे ऑपरेशन आहे. गाठ कसली ते पोट उघडल्यावर कळेल. मी डॉक्टरांना विचारले, "वाचेन ना?" ते म्हणाले, "घरचं सगळं मार्गी लावून या."

कलम १. शिरूरचे दोन खोल्यांचे घर, पत्र्याची पडवी व मागची मोकळी जागा मी माझ्या पगारातून घेतली. ती माझे पती बन्सी लक्ष्मण चक्रनारायण, रेल्वेत फिटर, मुक्काम दौंड, यांना मिळावी. आम्हाला मूल नाही. बावीस वर्षे ते दौंडला, मी शिरूरला, आणि शनिवारची एस.टी. आमच्यामध्ये. माझी आठवण म्हणून त्यांनी हे घर जपत बसू नये. विकावे, आणि दौंडला पाण्याजवळ खोली घ्यावी.

कलम २. पोस्टातले पुस्तक त्यांचेच. शिवणयंत्र नणंद साखरबाई हिला द्यावे. तिने ते दोनदा मागितले आणि दोन्ही वेळा मी ते बिघडले आहे असे सांगितले. बिघडलेले नव्हते.

कलम ३. नगरला कॉलेजात असताना सुरू केलेल्या माझ्या पंचवीस रोजनिशा यजमानांनी ठेवाव्यात, जाळू नयेत. ते मला फार भाविक समजतात. १९७२ पासूनच्या वह्या त्यांनी वाचाव्यात.

कलम ४. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी मारुतराव आढाव यांनी १९६९ साली नेलेली माझी काळी छत्री त्यांच्याकडेच राहावी. उपासनेत बाईने बायबलातला शास्त्रपाठ वाचू नये असा ठराव त्यांनी ज्या दिवशी मांडला, त्याच दिवशी पाऊस आला आणि मीच ती त्यांच्या हातात दिली. त्यांना क्षमा केली असे लिहिणार होते. ते खरे नाही, म्हणून लिहीत नाही. छत्री मात्र त्यांची.

कलम ५. (खोडले आहे.) खोडलेला मजकूर असा होता: "माझ्या पडवीतील मैना नावाची शेळी व तिचा सर्व वंश, एकूण सात जनावरे, माझ्या मरणानंतर धुरपदाबाई साळवे यांना द्यावीत."

हे मी आज सकाळी लिहिले आणि दुपारी खोडले. खाडाखोडीने संशय येतो, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

१९७१ च्या नोव्हेंबरात यजमान दौंडला टायफॉइडने पडले. धुरपदाबाई माझ्यासोबत आल्या. त्या मंडळीतल्या आजाऱ्यांपाशी बसतात, घरोघर प्रार्थनेला जातात. त्यांना पगार नाही, लोक देतील त्यावर त्या राहतात. अकराव्या दिवशी यजमानांनी मला ओळखले नाही. खाटेच्या पायाशी गुडघे टेकून मी नवस केला: प्रभू, हे उठले तर माझ्या शेळीचे पहिले पिल्लू तुझे, आणि तुझे म्हणून ते धुरपदाबाईंच्या दारी बांधीन. ते उठले. फेब्रुवारीत शेळी व्याली.

शास्त्रात आज्ञा स्पष्ट आहे. पहिले पिल्लू सात दिवस आईपाशी असू द्यावे आणि आठव्या दिवशी देवाला द्यावे. सातव्या दिवशी माझ्या रोजनिशीत लिहिलेले आहे: "फार लहान आहे. दूध सुटल्यावर देऊ." ज्याने आठवा दिवस ठरवला त्याला करडू केवढे असते हे ठाऊक नव्हते, असे मी धरून चालले. ते करडू नर असते, लंगडे असते, तर मी वेळेवर पोचवले असते. पण ती मादी होती आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी तिचे नाव मैना ठेवले. जे द्यायचे त्याला नाव ठेवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मग म्हटले, सुगीच्या रविवारी सगळे पहिली कणसे, कोंबड्या वेदीपुढे आणतात, तेव्हा नेऊ. त्या साली कणीसच आले नाही. पुढच्या साली मैनेची आई मेली होती आणि मैनेमागे दोन पिल्ले होती. पहिल्या पिल्लाला पिल्ले कशी, असे लोक विचारतील म्हणून नेली नाही. त्याच्या पुढच्या साली मारुतराव देणाऱ्यांची नावे वाचून दाखवणार होते. गेल्या साली मी कारण लिहायचेच सोडले.

सर्वांत वाईट ते पुढे आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात धुरपदाबाई साठीच्या वयात दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. मी त्यांना रोज लोटीभर दूध पाठवी. मैनेचे दूध. जे त्यांचेच होते ते मी उपकार म्हणून दिले. एका रविवारी त्यांनी सर्वांसमोर उभे राहून माझ्या उदारपणाबद्दल देवाचे आभार मानले. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

आज दुपारी शेजारचे म्हाळू रणपिसे मसुदा पाहायला आले. ते तालुका कचेरीत कारकून आहेत, बौद्ध आहेत, स्पष्ट बोलतात. पाचव्या कलमावर त्यांचे बोट थांबले.

"बाई, ऑपरेशन नीट झालं, तुम्ही घरी आलात, तर शेळ्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग तुमच्या देवाला काय मिळालं?"

मी मसुदा त्यांच्या हातून परत घेऊ लागले.

"रागावू नका. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तवर फाडता येतं, बदलता येतं. आमच्याकडं लोक असली कलमं पोरांनी सांभाळावं म्हणून घालतात. तुम्ही कुणाला लालूच दाखवताय?"

मरणानंतर माझ्या हातात काही राहणारच नाही. तेव्हा जे आपोआप सुटणार, ते मी अर्पण म्हणून लिहिले होते. मेले तर शेळ्या देवाच्या, वाचले तर माझ्या. चार वर्षांच्या उशिरात मी आणखी उशीर घातला आणि वर त्याला कायद्याची भाषा दिली. मी कलम खोडले आणि धुरपदाबाईंना बोलावणे पाठवले.

त्या आल्या. मी सगळे सांगितले. त्या पडवीच्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत राहिल्या.

"मला ठावं हाय की. तवा खाटंखाली निजले व्हते, पर झोप कुठली? समदं ऐकलं."

"मावशी, मग मागितली का नाही?"

"देवाची चीज म्या कशी मागू? तुमच्या हातनं यायची व्हती. म्हनून तर मंडळीत हुबं राहून आभार मानलं. म्हनलं, बाई शिकलेली हाय, लाजंल आन् दुसऱ्या दिशी आनून बांधंल. तुमी तर दुसऱ्या दिशीपासून दूध वाढवून दिलं!"

त्या हसल्या. मला हसता आले नाही. मी म्हणाले, "आता भीतीने देते आहे. पोट चिरणार म्हणून. असले देणे देव घेईल का?"

"ते म्या काय सांगू, म्या काय देव हाय? पर सात शेळ्या! माझ्या खोलीत म्या निजू का त्या?" मग दोर उचलून म्हणाल्या, "उठा. सोडायच्या तर तुमच्या हातानं सोडा."

आम्ही दोघी सात शेळ्या घेऊन बाजारातून चाललो. पोटात कळ येई तसे मी थांबत होते. मारुतराव दुकानापाशी उभे होते.

"काय हो, मास्तरीणबाई शेळ्या वळायला लागल्या?"

चार वर्षे मी याच क्षणाला भीत होते. मी म्हणाले, "या देवाच्या आहेत. मी ठेवून घेतल्या होत्या. आज परत करते आहे." त्यांनी बाजूला सरून वाट दिली. मैना धुरपदाबाईंच्या दारापासून मागे वळली आणि माझ्या लुगड्याला तोंड घासू लागली. तिला मीच ओढून आत बांधले.

पडवी रिकामी आहे. हलके वाटेल अशी आशा होती. वाटत नाही. मंगळवारसाठी देवापुढे ठेवायला माझ्यापाशी आता काही उरले नाही, आणि काही ठेवल्याने तो ऐकतो असेही मानायचे नाही, हे मला पटते पण सोसत नाही. मी जगावे असे मला फार वाटते. हेही येथे नमूद असावे.

मी परत आलेच, तर कोणी मायेनेही यातली एक शेळी माझ्या दारी बांधू नये. धुरपदाबाईंनी दूध दिलेच, तर ते मी घेईन, आणि ते त्यांचे आहे हे ध्यानात ठेवून घेईन.

"राजीखुशीने" असे लिहायची रीत आहे. खुशी नाही. पण कोणाची जबरदस्ती नाही, नशापाणी नाही, आणि प्रत्येक शब्द मी दोनदा वाचला आहे.

दुसरा साक्षीदार कोण, असे मी विचारले तेव्हा म्हाळूराव म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेत नाहीत. सकाळी धुरपदाबाई चालल्या नसत्या. आता चालतील."

ठिकाण शिरूर, शनिवार, तारीख १४ फेब्रुवारी १९७६.

सही: सिंधू बन्सी चक्रनारायण

साक्षीदार:

१. म्हाळू भागाजी रणपिसे, कारकून, राहणार शिरूर. सही.

२. धुरपदाबाई दगडोबा साळवे, राहणार शिरूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.