नळीच्या तोंडावरचं कुंकू

बुलढाणा, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय शेखर,

दसऱ्यापासून तुझा एकही फोन उचलला नाही, भाऊबीजेलाही दाराला कुलूप लावून निघून गेले, त्याबद्दल माफ कर. तुझ्याकडे मागायची माफी एवढीच.

अर्पिताने मला तुझा अहवाल दाखवला. ‘विद्यार्थिनी घाबरली. उड्डाणाआधीची तपासणी अपुरी.’ खाली प्रशिक्षक म्हणून तुझी सही, बाबांसारखी वळणदार. माझ्या वर्गातली ही मुलगी मीच तुझ्या फ्लाइंग स्कूलमध्ये पाठवली होती. तिचं खांद्याजवळचं हाड जुळेल. तिचं उड्डाण बंद केलंत, ते कसं जुळायचं?

तपासणी तिने माझ्यासमोर केली, एकेका भागाला हात लावून. मग तूच म्हणालास, आज दसरा, तिचं एकटीचं पहिलं उड्डाण, पूजा होऊ द्या. तिच्या आईने, कौशल्याबाईंनी, पिंपळगाव राजाहून ताट आणलं होतं, पण लेकीच्या विमानाला हात लावायला त्या बिचकल्या. म्हणून ओलं हळदकुंकू मी लावलं. पुढच्या पंख्याला, चाकांना, आणि डाव्या पंखाखालच्या बारीक नळीच्या तोंडाला. त्या नळीत वारा शिरतो तेव्हा वेगाचा काटा हलतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवते, शेखर. तरी माझं बोट थांबलं नाही. अर्पिताने विचारलं, सर, पुन्हा एकदा बघू का? तू म्हणालास, “झालं न चेकिंग. मुहूर्त चालला, बस आता.”

विमान धावलं, काटा शून्यावरच. तिने ते उचललं नाही, ब्रेक लावले. धावपट्टी संपली आणि विमान तुरीत नाक घासत गेलं. घाबरलेली मुलगी असं करते? दुसऱ्या दिवशी, चौकशीची माणसं यायच्या आत, तू विमान धुऊन काढलंस.

आणि मी? त्या दिवशीच्या डायरीत मी अपघात लिहिला, कुंकू नाही. भावासाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर मी माझ्या बोटासाठी गप्प होते.

परवा कौशल्याबाई बस स्टँडवर भेटल्या. गावात लेकीला भेकड म्हणतात. माझा हात धरून विचारलं, “मॅडम, तुमी तं तिले ओयखता. ते भेली असन काय हो?” त्याच रात्री मी जबाब लिहायला बसले.

सोबत माझ्या जबाबाची प्रत आहे. मूळ आज रजिस्टर पोस्टाने चौकशी अधिकाऱ्यांकडे गेला. त्यात माझं बोट आहे, तुझं वाक्य आहे, धुतलेलं विमान आहे. तुझी नोकरी कदाचित जाईल. हे तुला परक्याकडून कळू नये, आणि तुझा अहवाल तूच बदलावास, म्हणून लिहिलं.

तुझीच,
अनुताई

ता. क. उद्या पिंपळगाव राजाला जाते आहे. कौशल्याबाईंना कुंकवाचं सांगायला.